पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचा परदेशातील आहार

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) ब्रिटिश भारतीय सैन्यातील दहा लाखांहून अधिक सैनिक व बिगरलढाऊ अनुचर भारताबाहेर पाठविण्यात आले. फ्रान्स, बेल्जियम, गॅलिपोली, इजिप्त, पॅलेस्टाईन, पूर्व आफ्रिका आणि मेसोपोटेमिया (सध्याचा इराक) या आघाड्यांवर त्यांनी सेवा बजावली. यांपैकी सर्वाधिक संख्या मेसोपोटेमियात गेलेल्यांची होती. या सैनिकांचा आहार दोन गोष्टींनी ठरत असे. पहिली म्हणजे भारतातून जहाजाने येणारा लष्करी शिधा आणि दुसरी म्हणजे ज्या मुलखात छावणी पडली असेल तेथे मिळणारे धान्य, फळे, दूध, मांस व भाजीपाला.

या दोहोंमधील अंतर काही ठिकाणी पाहुणचाराने भरून निघाले, तर काही ठिकाणी ते जिवावर बेतले. कूत अल-अमारा येथील वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) एकाच गावात अडकलेल्या भारतीय व ब्रिटिश सैनिकांना निरनिराळ्या आहारामुळे निरनिराळे आजार झाले. त्यामुळे हा वेढा लष्करी इतिहासाप्रमाणेच पोषणशास्त्राच्या इतिहासातही उल्लेखनीय मानला जातो. वेढ्यात सापडलेली सेना ही ६ वी (पुणे) डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणींचा समावेश होता.

पार्श्वभूमी

युद्धापूर्वीच्या काळात भारतीय शिपाई शांततेच्या दिवसांत आपल्या अन्नाची व्यवस्था प्रामुख्याने स्वतःच्या पगारातून करीत असे. धान्य महागल्यास त्याला भत्ता मिळे. प्रत्यक्ष मोहिमेवर असताना मात्र सरकारकडून मोफत शिधा दिला जाई. या शिध्यात दररोज सुमारे दीड पौंड (अंदाजे ६८० ग्रॅम) आटा, ४ औंस डाळ, २ औंस तूप, थोडा गूळ आणि मीठ, मिरची, हळद, आले, लसूण हे जिन्नस असत. बटाटे व ताजे मांस यांची तरतूद होती. परंतु ते प्रत्यक्षात किती मिळेल हे वाहतुकीवर अवलंबून असे. भात खाणाऱ्या पलटणींना आट्याऐवजी तांदूळ दिला जाई.

स्वयंपाक पलटणीतील तुकड्यांप्रमाणे होत असे. सैन्यभरती ‘लढाऊ जाती’ या संकल्पनेवर आधारलेली असल्याने एका कंपनीत बहुधा एकाच समाजाचे लोक असत आणि आचारी व पाणके त्याच समाजातील ठेवले जात. मुस्लिम सैनिकांसाठी हलाल व शिखांसाठी झटका पद्धतीचे मांस लागे. हिंदू सैनिकांना गोमांस आणि मुस्लिम सैनिकांना डुकराचे मांस वर्ज्य होते. काही सैनिक पूर्ण शाकाहारी होते. १८५७ च्या उठावात काडतुसांच्या चरबीचा प्रश्न पेटला होता. त्यामुळे खाण्यापिण्याच्या बाबतीत शिपायाच्या मनात संशय निर्माण होऊ नये याची काळजी घेणे हे लष्करी प्रशासनाचे धोरणच बनले होते.

या व्यवस्थेची मोठी उणीव म्हणजे तिच्यात ताज्या भाज्यांना दुय्यम स्थान होते. गावाकडे शिपायाला पालेभाजी, कांदा, लिंबू, हिरवी मिरची सहज मिळत असे. त्यामुळे शिध्याच्या यादीत या वस्तू नसल्या तरी देशात असेपर्यंत फारसे बिघडत नव्हते. समुद्रापार, आणि विशेषतः वाळवंटी मुलखात, ही उणीव उघडी पडली.

फ्रान्स

भारतीय सैन्याची पहिली तुकडी २६ सप्टेंबर १९१४ रोजी मार्सेय बंदरात उतरली. युद्धाच्या अखेरपर्यंत सुमारे १.४ लाख भारतीय सैनिक व मजूर पश्चिम आघाडीवर येऊन गेले. पायदळाचा मोठा भाग १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे हलविण्यात आला. घोडदळ मात्र १९१८ पर्यंत फ्रान्समध्ये होते.

फ्रान्समध्ये बंदरे व रेल्वे उत्तम असल्याने शिधापुरवठा तुलनेने सुरळीत चालला. आटा, डाळ, तूप व मसाले भारतातून येत. मांसासाठी जिवंत शेळ्या-मेंढ्या मिळवून त्या त्या पद्धतीने कापण्याची व्यवस्था आघाडीच्या मागे करण्यात आली होती.

आघाडीवरून विश्रांतीसाठी मागे आणलेल्या तुकड्या उत्तर फ्रान्समधील खेड्यांत, शेतकऱ्यांच्या घरांत व गोठ्यांत उतरत. तेथे शिपायांचा स्थानिक अन्नाशी जवळून संबंध आला. दूध, लोणी, अंडी, पाव, सफरचंदे व इतर फळे यांचे उल्लेख त्यांच्या पत्रांत वारंवार येतात. बहुतेक सैनिक शेतकरी कुटुंबांतील असल्याने तेथील गाईंचे दूध, लोणी काढण्याची साधने आणि पिकांची निगा यांविषयी त्यांनी बारकाईने लिहिले आहे. जानेवारी १९१६ मधील एका पत्रात एका पंजाबी मुस्लिम शिपायाने आपण ज्या वृद्ध फ्रेंच स्त्रीच्या घरी तीन महिने उतरलो होतो तिची आठवण सांगितली आहे. ती त्याचे कपडे धुऊन देई आणि रोज सकाळी पाव, लोणी, दूध व कॉफी यांचे तबक तयार ठेवी.

परक्या घरचे शिजवलेले अन्न खावे की नाही, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने सोडविला. काहींनी दूध, फळे आणि न शिजवलेल्या वस्तूंपुरताच पाहुणचार स्वीकारला, तर काही जण यजमानांच्या मेजावर जेवले. परदेशात पाळलेल्या किंवा मोडलेल्या निर्बंधांची वार्ता गावी पोहोचल्यास काय होईल, ही चिंताही पत्रांतून दिसते.

इंग्लंडमधील रुग्णालये

जखमी भारतीय सैनिकांसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर रुग्णालये उघडण्यात आली. त्यांपैकी ब्रायटन येथील ‘रॉयल पॅव्हिलियन’ या राजवाड्यातील रुग्णालय विशेष प्रसिद्ध झाले. डिसेंबर १९१४ पासून जानेवारी १९१६ पर्यंत तेथे २,३०० हून अधिक भारतीय रुग्णांवर उपचार झाले. निरनिराळ्या धर्म-जातींच्या रुग्णांसाठी या परिसरात नऊ स्वयंपाकघरे होती. वॉर्डांत हिंदू व मुस्लिम रुग्णांसाठी पाण्याचे स्वतंत्र नळ बसविले होते. सूचनाफलक उर्दू, हिंदी व गुरुमुखीत लावलेले असत.

या व्यवस्थेमागे आस्थेबरोबर राजकीय हेतूही होता. ब्रिटिश राजवट शिपायाच्या धर्माचा मान राखते हे भारतात दिसावे, यासाठी रुग्णालयाची छायाचित्रे व चित्रमय पुस्तिका प्रसृत करण्यात आल्या.

गॅलिपोली

एप्रिल १९१५ पासून चाललेल्या गॅलिपोली मोहिमेत शीख व गुरखा पलटणी, डोंगरी तोफखाना आणि खेचरगाड्यांचे पथक यांनी भाग घेतला. या ठिकाणी स्थानिक लोकवस्तीशी संबंध जवळजवळ नव्हता. किनाऱ्यावरील अरुंद पट्ट्यात अन्न व पाणीदेखील समुद्रमार्गे येत असे. ‘परके अन्न’ चाखण्याचा अनुभव येथे उलट दिशेने घडला. डबाबंद गोमांस, कडक बिस्किटे आणि मुरंबा यांना कंटाळलेले ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडचे सैनिक भारतीय खेचरवाल्यांच्या तळावर येत आणि आपल्याजवळील वस्तूंच्या बदल्यात चपात्या व रस्सा घेत. जखमींना गाढवावरून वाहून नेण्यामुळे ऑस्ट्रेलियात दंतकथा बनलेला जॉन सिम्प्सन कर्कपॅट्रिक हा सैनिकही भारतीय तोफखान्याच्या तळाजवळ राहून त्यांच्यासोबत जेवत असे.

मेसोपोटेमिया

भारतीय सैन्य ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराणच्या आखातातील फाव येथे उतरले आणि त्याच महिन्यात त्याने बसरा घेतले. त्यानंतर तैग्रिस नदीच्या काठाने ते वर सरकत गेले. मोहिमेचा सारा पुरवठा मुंबई व कराचीहून बसऱ्यापर्यंत जहाजाने आणि पुढे नदीतील उथळ तळाच्या बोटींनी होत असे. बोटींची संख्या अपुरी होती. दारूगोळा, जखमी माणसे, जनावरांचा चारा आणि सैनिकांचा शिधा यांची एकाच मार्गावर दाटी झाल्याने नाशवंत भाजीपाला यादीत सर्वांत शेवटी राही.

हा मुलूख भारतीय सैनिकांना सर्वस्वी अपरिचित नव्हता. जव व गहू, तंदुरासारख्या ‘तन्नूर’ भट्टीत भाजलेली चपटी भाकरी, म्हशीचे दूध व दही, नदीतील मासे, कलिंगडे आणि डाळिंबे हे तेथील लोकांचे अन्न होते. बसऱ्याभोवती खजुराच्या बागा मैलोन्‌मैल पसरल्या होत्या. तथापि हजारोंच्या सैन्याला पुरेल इतका भाजीपाला तेथे पिकत नव्हता. कडक उन्हाळा आणि पूर यांमुळे तो वर्षभर मिळतही नसे. खजूर मुबलक असला तरी तो मुख्यतः ऊर्जा देतो आणि सुकविलेल्या खजुरात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. त्यामुळे पोट भरूनही शरीराची झीज थांबत नव्हती.

कूतचा वेढा

मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखालील ६ वी (पुणे) डिव्हिजन नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे लढून माघारी फिरली आणि ३ डिसेंबर रोजी तैग्रिसच्या वळणावरील कूत अल-अमारा या गावी पोहोचली. ७ डिसेंबरला ऑटोमन (तुर्की) सैन्याने वेढा पूर्ण केला. वेढ्यात १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. त्यांच्याबरोबर पंजाबी, राजपूत, गुरखा व इतर भारतीय पलटणी आणि ब्रिटिश पलटणीही होत्या. गावातील सुमारे सहा हजार रहिवासीही आत अडकले.

धान्याचा शोध

आरंभी शिधा पूर्ण दिला जात होता. सुटकेसाठी येणारे सैन्य लांबणीवर पडू लागल्यावर जानेवारी १९१६ मध्ये गावातील घरांची झडती घेण्यात आली आणि जवाचा मोठा साठा हाती लागला. या स्थानिक धान्यामुळेच वेढा आणखी काही महिने तग धरू शकला. जव दळण्यासाठी चक्क्या उभारण्यात आल्या. जात्याचा दगड विमानातून टाकण्यात आला. गव्हाचा आटा संपत गेला तसतशी जवाच्या पिठाची रोटी हेच भारतीय सैनिकांचे मुख्य अन्न बनले. चिकटपणा नसलेल्या या पिठाची रोटी थापणे अवघड होते आणि पुढे सरपणाचाही तुटवडा पडला.

घोड्याचे मांस

चारा संपल्याने आणि मांसाचा दुसरा साठा नसल्याने जानेवारीच्या अखेरीपासून घोडे व खेचरे कापण्यास सुरुवात झाली. ब्रिटिश सैनिकांनी हे मांस स्वीकारले. बहुसंख्य भारतीय सैनिकांनी ते नाकारले. या नकारामागे केवळ धर्माज्ञा नव्हती. गावी परतल्यावर आपल्याला पंक्तीतून उठविले जाईल, घरच्या मुलामुलींची लग्ने जमणार नाहीत, अशी भीती अनेकांना वाटत असल्याचे समकालीन वृत्तांतांत नमूद आहे. तुकडीतील एकाने खाल्ले तर गावाकडील त्याचा सोबती ती बातमी घरी नेणार हे प्रत्येकाला ठाऊक होते.

टाउनशेंड यांनी बिनतारी संदेशाद्वारे भारतातील हिंदू व मुस्लिम धर्मप्रमुखांकडून आपद्धर्म म्हणून हे मांस खाण्यास अनुमती मिळविली व ती सैनिकांना कळविली. तरीही नकार लगेच मावळला नाही. एप्रिलमध्ये पिठाचे माणशी प्रमाण दिवसाला ४ ते ५ औंसांवर (सुमारे ११० ते १४० ग्रॅम) आल्यानंतरच, महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून, बहुतेक भारतीय सैनिक घोड्याचे मांस खाऊ लागले. तोपर्यंत अनेकांची शक्ती पार खचली होती.

रानभाज्या

वेढ्याच्या उत्तरार्धात हिरव्या अन्नाचा शोध सुरू झाला. विमानातून भाजीचे बी मागवून ते खंदकांच्या मागील जागेत पेरण्यात आले. पावसानंतर उगवलेले गवत व रानटी पाला सैनिक खुडून आणत आणि उकडून खात. वनस्पतींची ओळख नसल्याने काही वेळा विषबाधाही झाली. त्यामुळे कोणता पाला खाण्याजोगा आहे हे पाहण्याचे काम वैद्यकीय अधिकाऱ्यांना करावे लागले. भूक मारण्यासाठी अफूच्या गोळ्यांचाही वापर झाला.

एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांतून पिठाच्या गोण्या टाकण्यात आल्या. वेढलेल्या सैन्याला हवाई मार्गाने अन्न पुरविण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होय. काही गोण्या नदीत पडल्या व काही शत्रूच्या हाती गेल्या. सुमारे २७० टन साहित्य घेऊन निघालेली ‘जुलनार’ ही आगबोट २४ एप्रिलच्या रात्री तुर्की सैन्याने अडविली. २९ एप्रिल १९१६ रोजी, वेढ्याच्या १४७ व्या दिवशी, सुमारे १३,००० सैनिक व अनुचरांनी शरणागती पत्करली.

एक वेढा, दोन आजार

वेढ्यातील प्रमुख वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर यांनी नोंदविलेल्या निरीक्षणांवरून पुढील चित्र स्पष्ट झाले.

ब्रिटिश सैनिक आरंभी पांढऱ्या मैद्याचा पाव खात. मैदा तयार करताना धान्याचा कोंडा व अंकुर काढून टाकला जात असल्याने त्यातील ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. या सैनिकांत बेरीबेरी हा मज्जातंतू व हृदयावर परिणाम करणारा आजार आढळला. फेब्रुवारीनंतर मैदा संपला आणि त्यांच्या पावात आटा व जवाचे पीठ मिसळणे भाग पडले, तेव्हा हा आजार ओसरला. मोठ्या प्रमाणावर ताजे घोड्याचे मांस मिळाल्याने स्कर्व्हीपासून मात्र ते बहुतांशी दूर राहिले.

भारतीय सैनिकांच्या बाबतीत नेमके उलट घडले. कोंड्यासकट दळलेला आटा व जवाचे पीठ खाल्ल्याने त्यांना बेरीबेरी झाला नाही. ताजे मांस व भाजी या दोन्हींच्या अभावी त्यांच्यात स्कर्व्ही पसरला आणि हजाराहून अधिक सैनिक त्याने आजारी पडले. हिरड्या सुजणे व त्यांतून रक्त येणे, सांधे दुखणे, जखमा न भरणे ही त्याची लक्षणे होत. स्कर्व्हीमुळे जुन्या जखमाही पुन्हा चिघळतात.

अशा रीतीने प्रत्येक गटाच्या आहारात दुसऱ्याला वाचविणारा घटक होता. शिपायाच्या साध्या रोटीने त्याला एका आजारापासून वाचविले, तर आहारविषयक निर्बंध आणि शिध्यातील भाजीचा अभाव यांनी त्याला दुसऱ्या आजाराच्या तावडीत दिले.

शरणागतीनंतर

शरणागतीनंतर नदीच्या वरच्या अंगाला शुमरान येथे नेलेल्या कैद्यांना तुर्की सैन्याची कडक, जाडेभरडे दळलेल्या पिठाची बिस्किटे देण्यात आली. दीर्घ उपासमारीने क्षीण झालेल्या आतड्यांना ती सोसली नाहीत आणि अनेक जण आतड्यांच्या विकाराने दगावले. पुढे बगदाद, मोसुल व रास अल-ऐनकडे झालेल्या पायी प्रवासात आणि रेल्वेमार्गाच्या कामावर उपासमार व रोगराईने आणखी मोठ्या संख्येने कैदी मरण पावले.

स्कर्व्हीची साथ आणि शिध्यातील सुधारणा

स्कर्व्ही केवळ कूतपुरता मर्यादित नव्हता. १९१६ च्या उत्तरार्धात मेसोपोटेमियातील भारतीय सैन्यात स्कर्व्हीचे ११ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया चौकशी आयोगाच्या अहवालाने वाहतूक व वैद्यकीय व्यवस्थेतील ढिसाळपणावर कडक टीका केली.

प्रतिबंधासाठी दिला जाणारा बाटलीबंद कागदी लिंबाचा रस फारसा उपयोगी पडत नव्हता. लंडनमधील लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक, मार्गारेट ह्यूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, साठविलेल्या कागदी लिंबाच्या रसाची स्कर्व्हीविरोधी शक्ती ईडलिंबाच्या (मोठ्या पिवळ्या लिंबाच्या) रसापेक्षा पुष्कळच कमी असते. कोरड्या कडधान्यांत हा गुण जवळजवळ नसतो. ती भिजवून मोड आणल्यास मात्र तो निर्माण होतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

महाराष्ट्रातील घराघरांत मटकी, मूग, वाल यांना मोड आणून उसळ करण्याची पद्धत परंपरेने चालत आलेली आहे. लष्करी शिध्यात मात्र भरडून टरफल काढलेली डाळ दिली जाई आणि अशा डाळीला मोड येत नाहीत. अख्खे कडधान्य, थोडे पाणी आणि ओले फडके एवढ्या साधनांवर वाळवंटातही ताज्या भाजीची उणीव काही अंशी भरून काढता येईल, हे या संशोधनाचे व्यावहारिक महत्त्व होते. क जीवनसत्त्व प्रत्यक्ष वेगळे करून त्याची ओळख पटण्यास १९३० चे दशक उजाडावे लागले.

१९१६ च्या अखेरीपासून भारतीय सैनिकांच्या शिध्यात मांस व भाजीपाल्याचे प्रमाण वाढविण्यात आले. नदीकाठी सरकारी भाजीमळे लावण्यात आले. बोटींची संख्या वाढली आणि बसरा बंदर सुधारले. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतल्यानंतर स्थानिक बाजारातील भाज्या, फळे व मासे मिळणे सुलभ झाले. ब्रिटिश सैनिकांच्या पावात आटा मिसळणे हा बेरीबेरीवरील उपाय ठरला. १९१७ पासून शांतताकाळातही भारतीय सैनिकांना मोफत शिधा देण्यास सुरुवात झाली. सैनिकाचे आरोग्य त्याच्या खिशावर सोडता येत नाही, हे या निर्णयाने मान्य झाले.

सैनिकांच्या नोंदी

या विषयाची माहिती मुख्यतः तीन प्रकारच्या साधनांतून मिळते. फ्रान्स व इंग्लंडमधून गेलेली पत्रे लष्करी तपासणी विभाग उघडून वाचत असे; त्यांतील उताऱ्यांचे इंग्रजी अनुवाद लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात जतन केलेले आहेत. अनेक शिपाई निरक्षर असल्याने पत्रे लेखनिकांकडून लिहून घेतलेली असत, आणि ती तपासली जातात हे लिहिणाऱ्यास ठाऊक असे. दुसरे साधन म्हणजे अधिकाऱ्यांचे वृत्तांत व वैद्यकीय अहवाल होत. तिसरे आणि सर्वांत विरळ साधन म्हणजे भारतीयांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी होत. बंगाल रुग्णवाहिका पथकातील शिशिर सर्वाधिकारी यांचे ‘अभि ले बगदाद’ (१९५८) हे बंगाली पुस्तक कूतचा वेढा व त्यानंतरचा बंदिवास यांविषयीचे महत्त्वाचे साधन मानले जाते. घोड्याचे मांस नाकारणाऱ्या सामान्य शिपायाची बाजू मात्र बहुतांशी त्याच्या अधिकाऱ्यांच्या लेखनातूनच कळते. त्यामुळे त्या नकाराचे वर्णन वाचताना ते कोणी लिहिले आहे हे लक्षात घ्यावे लागते.

हे सुद्धा पहा

कूत अल-अमाराचा वेढा
मराठा लाइट इन्फन्ट्री
मेसोपोटेमियाची मोहीम
स्कर्व्ही
बेरीबेरी
क जीवनसत्त्व